मुलांचे अक्षरचक्र आणि सकळ लिपी

महानुभाव पंथातील पुष्कळ ग्रंथ शतकानुशतके सकळ, सुंदरी, अंक इत्यादी सांकेतिक लिप्यांत उतरविले गेले. पैकी सकळ लिपीचे कर्तृत्व 'सह्याद्रिवर्णन'कार रवळोबासांकडे दिले जाते. एका अक्षराच्या स्थानी ठरलेले दुसरे अक्षर वा चिन्ह योजावे, हे तिचे मूलतत्त्व होय. पंथाबाहेरील अभ्यासकांना या पोथ्या दीर्घकाळ वाचता आल्या नाहीत, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा उलगडा केला, तेव्हा जुन्या मराठी गद्याचे भांडार सर्वांस खुले झाले.

जत तालुका कर्नाटकाच्या सीमेस लागून आहे. तेथील कित्येक मुलांच्या कानी मराठीसमवेत कानडीही असते. अशा बालकास प्रथम एक भेद सांगावा. कानडी अक्षरे न शिकलेल्यास ती वाचता येत नाहीत, परंतु ती काही लपवीत नाहीत. सांकेतिक लिपी हेतुपूर्वक झाकते.

मग पुठ्ठ्याची दोन वर्तुळे कापावीत, एक लहान, एक मोठे, व मध्यभागी टाचणीने जोडावीत. बाराखडीतील क पासून ज्ञ पर्यंत व्यंजने ३६. म्हणून कोनमापकाने प्रत्येकी १० अंशांचे घर नेमके पडते. दोन्ही वर्तुळांवर ती क्रमाने लिहावीत. बाहेरील 'क'खाली आतील 'घ' आणला की किल्ली ३ झाली. स्वर व मात्रा तशाच ठेवाव्यात. 'जत' म्हणजे 'टध'. 'जतला पाणी आहे' म्हणजे 'टधषा भादी आज्ञे'.

आता खरा पाठ. मराठी वाक्य अनेकदा 'आहे'ने संपते. शेवटी 'आ' व पुढे एकारान्त अक्षर दिसताच चतुर मूल 'ज्ञ'च्या जागी 'ह' धरते, अंतर मोजते, आणि किल्ली हाती येते! नाहीतरी ३५ किल्ल्या क्रमाने लावून पाहणे अवघड नाही. झाकलेल्या अक्षरांतही भाषेची चाल लपत नाही. याउलट, एकच सुटा शब्द असेल आणि किल्ली जाणणारा कोणी उरला नसेल, तर तो शब्द कायमचा मुका होऊ शकतो. परंपरेत वाचणाऱ्यांची साखळी तुटू न देण्याचा आग्रह याचसाठी असावा.

पुढील खेपेस मुलांना 'योफी चोथे आखे' एवढेच लिहून द्यावे, किल्ली सांगू नये. चक्र 'ज्ञ'नंतर पुन्हा 'क'वर येते, इतकी खूण पुरे.