माशीने धरायचा मासा



भाऊबीजेला माझे मामा आमच्या घरी आले होते. ते सैन्यात आहेत व सध्या हिमाचल प्रदेशात असतात. येताना त्यांनी आईला शाल आणली आणि मला एक काड्यापेटी दिली. मला वाटले, मामा थट्टा करतात. उघडून बघते तर आत कापसावर तपकिरी माशी! मी ओरडलेच. मग कळले की ती खोटी आहे. बारीक गळाला दोरा गुंडाळून त्यावर कोंबड्याच्या मानेचे पीस बांधले आहे. अशा माशीने ट्राऊट नावाचा मासा धरतात. त्याला फ्लाय फिशिंग म्हणतात. फ्लाय म्हणजे माशी. ही माहिती मी मामांना विचारून विचारून लिहिली आहे. काही गुरुजींनी सांगितली.

ट्राऊट गार पाण्यातच राहतो. १० ते १५ अंश सेल्सिअस पाणी त्याला मानवते. २० अंशांच्या वर गेले की त्याला त्रास होतो. कारण गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो व गरम पाण्यात कमी. सोड्याची बाटली उन्हात ठेवली तर तिच्यातला वायू लवकर निघून जातो, तसेच ते आहे. आपल्या ओढ्यात ट्राऊट सोडावेत असे माझ्या मनात आले होते. म्हणून गुरुजींनी आम्हांला तापमापी दिली. दुपारी ओढ्याचे पाणी २४ अंश भरले. तेही दिवाळीनंतर! मग मी तो विचार सोडला.

हा मासा मूळचा आपल्या देशातला नाही. इंग्रजांच्या काळात १८९९ साली त्याची अंडी काश्मीरसाठी बोटीने आणली, पण ती वाटेतच खराब झाली. १९०० साली स्कॉटलंडहून पुन्हा आणली, ती जगली. श्रीनगरला मिचेल नावाचे गालिच्यांचे व्यापारी होते, त्यांनी पिल्ले वाढवायला मदत केली. पुढे १९०९ मध्ये काश्मीरची अंडी हिमाचलात कुलू भागात नेली. आता तो मासा तिथलाच झाला आहे. आपल्या भाजीतली मिरचीसुद्धा बाहेरूनच आलेली आहे.

मामांच्या मित्राचे घर तीर्थन नदीच्या काठी आहे. ही नदी हिमालयातून निघून लारजी गावाजवळ बियास नदीला मिळते. ऑक्टोबरच्या शेवटी मामा तिथे दोन दिवस राहिले. मित्राचे वडील जुने मासेमार आहेत. मामा त्यांना चाचाजी म्हणतात. मत्स्य खात्याचा परवाना काढल्याशिवाय तिथे गळ टाकता येत नाही. आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राऊट धरायला बंदी असते. म्हणजे मामा गेले तेव्हा हंगामाचे शेवटचेच दिवस राहिले होते.

आता माशी टाकायची रीत सांगते. आपण गळाला गांडूळ लावतो व वर शिशाची गोळी बांधतो. वजन असल्यामुळे गळ लांब जातो. पण पिसाच्या माशीला वजनच नसते. म्हणून इथे दोरीच जाड व जड असते. काठी मागे नेऊन पुढे आणली की दोरी हवेत आसुडासारखी उलगडते आणि माशी अलगद पाण्यावर बसते. शेवटी केसासारखा बारीक तंगूस असतो, तो माशाला दिसत नाही. मामांनी आमच्या अंगणात आईच्या वाळत घालायच्या दोरीने करून दाखवले. तिसऱ्या वेळी दोरी तुळशीला अडकली. आई काही बोलली नाही, भाऊबीज होती म्हणून.

हंगामाच्या शेवटी मासा धरणे अवघड असते. पाऊस संपलेला, बर्फही फारसे वितळत नाही, म्हणून पाणी कमी आणि काचेसारखे स्वच्छ. माणसाची सावली पडली तरी मासा पळतो. ट्राऊट नेहमी प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, कारण खाणे वाहत येते ते समोरून. तेव्हा आपण त्याच्या पाठीमागून, खालच्या अंगाने, वाकून जायचे. माशी छोटी घ्यायची. ती पाण्याच्याच वेगाने वाहिली पाहिजे. दोरीने ती जरा जरी ओढली गेली तरी मासा ओळखतो.

मामा सैन्यातले, पहाटे चारला उठून नदीवर गेले. हातपाय बधिर झाले, मासा एक नाही. चाचाजी चुलीपाशी चहा पीत हसत होते. थंडीत पाण्यातले किडे सकाळी वर येतच नाहीत. ऊन आल्यावर, अकरा ते तीनच्या दरम्यान येतात, तेव्हाच मासे खातात. हे किडे बरेच महिने पाण्यात दगडाखाली राहतात, मग पंख फुटून बाहेर येतात आणि एकदोन दिवसच जगतात. आपल्या ओढ्यातसुद्धा दगड उलटून बघा. मला तीन शेपट्यांचा एक सापडला. काठावरच्या गवतातले नाकतोडे पाण्यात पडतात, तेही ट्राऊटला फार आवडतात. म्हणून या दिवसांत नाकतोड्यासारखी माशीही बांधतात.

मामा पूर्वी काश्मीरमध्ये होते. तिथे गंगाबल, विशनसर अशी उंचावरची तळी आहेत. त्यांतही ट्राऊट आहेत. तळ्यात पाणी वाहत नाही, मग मासा शोधायचा कुठे? तर जिथे ओढा तळ्याला मिळतो तिथे. नाहीतर वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठाला, कारण किडे वाऱ्याने तिकडेच गोळा होतात.

तीर्थनवर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मामांना काहीच मिळाले नाही. अडीचच्या सुमारास एका मोठ्या दगडाच्या कडेला माशी गेली आणि पाणी हलले. काठी वाकली. दहा मिनिटांनी मासा काठाशी आला. कोपरापासून बोटांपर्यंत लांब, अंगावर काळे व तांबडे ठिपके, पोट फुगलेले. चाचाजी म्हणाले, "मादी है, जाने दो." मामांनी आधी हात पाण्यात भिजवले. माशाच्या अंगाचा बुळबुळीत थर कोरड्या हाताने निघतो व त्याला रोग होतो. गळाचा उलटा दात आधीच दाबलेला होता, त्यामुळे गळ लगेच सुटला. मग माशाचे तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवले. त्याला दम आला तसा तो हातातून निसटून गेला.

मला राग आला. फोटोसुद्धा काढला नाही! आबा म्हणाले, "एवढ्या लांब जाऊन धरला आन सोडून दिला व्हय?"

मामांनी समजावून सांगितले. तपकिरी ट्राऊटची मादी थंडीच्या सुरुवातीला वरच्या अंगाला जाते, शेपटीने वाळूगोट्यांत खड्डा करते व त्यात अंडी घालते. किलोभर वजनाची मादी दीड-दोन हजार अंडी घालते. अंडे ज्वारीच्या दाण्याएवढे असते. पाणी १० अंश असेल तर पिल्लू निघायला सुमारे ४० दिवस लागतात, आणखी गार असेल तर जास्त. पिल्लाच्या पोटाला पिशवी असते, तीच त्याची पहिली शिदोरी. बहुतेक पिल्ले मरतात. थोडीच मोठी होतात.

तेव्हा मला मृगातली गोष्ट आठवली. पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे येतात. आम्ही सगळे बॅटरी व बुट्टी घेऊन जातो. तेही अंडी घालायलाच वर चढत असतात. त्यांच्या पोटातली गाभोळी मला कालवणात सगळ्यांत जास्त आवडते. मी हे मामांना सांगितले. मामा गप्प बसले.

आबा म्हणाले, "आमच्या टायमाला बुट्ट्या भरायच्या. आता वाटीभर बी मिळंनात." मी विचारले, "का हो आबा?" ते म्हणाले, बंधारा झाला, शेतात औषधे मारतात. मामा म्हणाले, तेही खरेच आहे. मग आबा बराच वेळ बोलले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "आन हिला गाभोळी लागती."

सकाळी आबांनी काड्यापेटी मागून घेतली, चष्मा लावून माशी पाहिली आणि आमच्या कोंबड्याच्या मानेची दोन पिसे मला आणून दिली. मी आईचा दोरा घेऊन एक माशी बांधली. ती बादलीत टाकताच बुडाली. दोरा जास्त झाला होता. दुसरी तरंगली.

यंदा मृगात काय करायचे ते आमच्या घरात अजून ठरलेले नाही.

मामांची माशी व माझी माशी वर्गातल्या कपाटावर काड्यापेटीत ठेवली आहे. पालकांनी पाहावी. गळ टोकदार आहे, पहिलीच्या मुलांनी हात लावू नये.