किल्लारीचे दप्तर आणि घटनांचा शोध

गणेशविसर्जन आटोपून गावे निजली असता, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत जो किल्लारीचा भूकंप झाला, त्याच्यामागून जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या पुनर्वसनाने इंग्रजी कागदपत्रांचे एक प्रचंड दप्तर निर्माण केले. त्यातील काही अहवालांच्या टंकलिखित प्रती जमविलेल्या एका अभ्यासमंडळाने, त्यांतून घटनांची कालानुक्रमे सूची संगणकाकडून करवून घ्यावी असे योजिले, आणि झालेले काम तपासण्यास मला नांदेडहून लातूरला बोलाविले. तेथे जे दृष्टीस पडले त्यावरून, अशा उद्योगास हात घालणाऱ्यांना आरंभीच सावध करणे मला अगत्याचे वाटते.

ज्यांच्याकडे हे काम सोपविले होते त्यांनी क्लाउडवरील अमेझॉन कॉम्प्रिहेन्ड या सेवेतील घटनाशोधाचा जॉब लावला होता. त्याच्या नोंदीपुढे तो पूर्ण झाल्याचा शेरा होता आणि निकालाची संकुचित फाइलही ठरल्या जागी येऊन पडली होती. ती उघडली तेव्हा तीत अधिकाऱ्यांच्या काही नेमणुका आणि गुंतवणूक म्हणून गणलेले कर्ज एवढेच हाती लागले. भूकंप नाही, स्थलांतर नाही, घरांचे वाटप नाही. कारण उघड होते. या सेवेला ओळखता येणाऱ्या घटनांचे प्रकार आधीच कायम केलेले असतात, आणि ते सारे व्यापारी जगातले: दिवाळखोरी, नोकरी, कंपनी ताब्यात घेणे, विलीनीकरण, गुंतवणूक, समभागांची विक्री व विभाजन. शिवाय ती केवळ इंग्रजी मजकूर वाचते. नांदेडच्या एखाद्या जुन्या गिरणीच्या इंग्रजी ताळेबंदाशी तिचे सूत जुळेल. ज्या बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले त्यांच्या इतिहासाशी जुळणार नाही. म्हणून जॉब लावण्यापूर्वी प्रकारांची ती यादी आणि आपला एक कागद शेजारी ठेवून वाचावा. जॉब पूर्ण झाल्याचा शेरा एवढेच सांगतो की यंत्र अखेरपर्यंत चालले.

दुसरी गफलत कागद आत देण्याच्या रीतीत होती. प्रत्येक फाइल हा एक दस्तऐवज, की प्रत्येक ओळ हा एक दस्तऐवज, हे जॉब लावतानाच सांगावे लागते. येथे ओळीचा पर्याय निवडला होता, आणि टंकलेखकाने तर कागदाच्या कडेला पोहोचताच ओळ मोडलेली. परिणामी एका नेमणुकीतील अधिकाऱ्याचे नाव एका दस्तऐवजात, नेमणूक झाल्याचे क्रियापद दुसऱ्यात आणि तारीख तिसऱ्यात जाऊन पडली, आणि जी घटना यंत्राला सहज कळावी तीही निराधार झाली. वृत्तांत अनेक ओळींत पसरलेला असेल तर फाइलचाच पर्याय घ्यावा.

परवानगीची बाब थोडक्यात सांगतो. सेवेला जी भूमिका नेमून द्यायची ती मुखत्यारपत्रासारखी असते: मूळ कागदांच्या बकेटमधून, म्हणजे क्लाउडवरील साठवणीच्या जागेतून, वाचण्याचा आणि निकालाच्या बकेटमध्ये लिहिण्याचा तेवढाच अधिकार तीत असावा, आणि ती भूमिका धारण करण्याची मुभा त्या सेवेला स्पष्ट शब्दांत दिलेली असावी. बकेट आणि जॉब क्लाउडच्या एकाच रीजनमध्ये, म्हणजे भौगोलिक विभागात, हवेत.

परंतु किल्लारीच्या दप्तरासाठी मी मंडळाला निराळाच मार्ग सुचविला, आणि तोच इतरांनाही सुचवितो. त्या भागातील माणसे जाणणाऱ्या कोणाकडून प्रथम मोजके अहवाल हाताने वाचून घ्यावेत. घटना, स्थळ, तारीख आणि कर्ता यांवर खुणा करवून घ्याव्यात, आणि यंत्र कोणतेही निवडले तरी त्याचा निकाल या खुणांशी ताडून पाहावा. तारखेबाबत विशेष दक्षता हवी, कारण लोक विसर्जनाची रात्र म्हणून सांगतात तेव्हा ती २९ सप्टेंबरला धरली जाते आणि सरकारी कागद ३० सप्टेंबर लिहितो. एकच आपत्ती सूचीत दोनदा चढण्याचा संभव असतो. स्थळाचेही तसेच आहे. गाव नव्या जागी गेले तरी नाव तेच राहिले, म्हणून नुसते ‘किल्लारी’ असे न नोंदता जुने किल्लारी की नवे, याचा रकाना पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवावा, आणि ज्या कागदावरून ते ठरत नाही तेथे तो कोरा सोडावा.