जुनी गाडी, दुरुस्तीचा खर्च आणि विक्रेत्याचे दायित्व

प्रश्न : चकलांबा (ता. गेवराई, जि. बीड) येथील एका वाचकाने पुण्यातील जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून 2015 सालची डिझेल स्विफ्ट डिझायर घेतली. गाडी सत्तर हजार किलोमीटर चालली असून इंजिन कधी उघडलेले नाही, असे तोंडी सांगण्यात आले. पावतीवर मात्र ‘गाडी आहे त्या स्थितीत विकली’ एवढाच मजकूर आहे. दोन महिन्यांतच सकाळी गाडी सुरू करताना इंजिन खडखडू लागले, चढावर पिकअप मिळेना, आणि मेकॅनिकने टायमिंग चेन व टर्बो बदलण्यास सांगितले. हा खर्च व्यापाऱ्याकडून वसूल होईल काय?

उत्तर : या गाडीतील 1.3 लिटरचे डिझेल इंजिन मूळ फियाटच्या रचनेचे असून त्या काळातील इतरही अनेक गाड्यांत ते बसवलेले असल्याने त्याचे काम जाणणारे कारागीर सहसा मिळतात. टायमिंग चेन म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ राखणारी साखळी, तर टर्बो म्हणजे इंजिनाबाहेर पडणाऱ्या धुराच्या दाबावर फिरून आत जादा हवा भरणारे यंत्र. या दोहोंचे आयुष्य ऑइलवर अवलंबून असते, आणि ती एकाच वेळी बिघडतात तेव्हा आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर न बदलल्याची शंका प्रथम घ्यावी लागते. क्लच किंवा पुढील सस्पेन्शनचे काम साधारण दहा हजारांच्या आसपास आटोपते, परंतु चेन, टर्बो आणि इंजेक्टर एकत्र निघाले तर आकडा पन्नास हजारांच्या पुढे जाऊ शकतो, म्हणून हा संभाव्य खर्च सौद्याच्या वेळीच किमतीतून वजा धरणे शहाणपणाचे ठरते.

माल विक्री कायदा, 1930 च्या कलम 16 नुसार माल पारखून घेण्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे खरेदीदाराची असते. विक्रेता त्याच मालाचा व्यापारी असेल तर माल विक्रीयोग्य असल्याची हमी काही मर्यादेत गृहीत धरली जाते, मात्र दहा वर्षे वापरलेल्या गाडीची नैसर्गिक झीज हा दोष मानला जाणे अवघड आहे. त्यामुळे केवळ टर्बो गेला एवढ्यावर दावा टिकणार नाही. खोटे विधान ही गोष्ट वेगळी आहे. मीटर मागे फिरवून कमी किलोमीटर दाखवणे ही भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 17 प्रमाणे लबाडी ठरते, आणि ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द अशा लबाडीला संरक्षण देत नाहीत. व्यापाऱ्याच्या तोंडी शब्दाला पुरावा कसा द्यावा, हा खरा पेच आहे. त्याचे उत्तर बहुतेक वेळा कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सापडते, कारण तेथे दर सर्व्हिसच्या वेळी मीटरवरील आकडा नोंदला जातो. 2020 च्या नोंदीतच लाखावर आकडा दिसला, तर सत्तर हजारांची थाप उघडी पडते.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येत असल्याने या वाचकांना पुण्याचे हेलपाटे घालण्याचे कारण नाही. बीडच्या जिल्हा आयोगात ती दाखल होईल, मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. हीच गाडी एखाद्या खासगी मालकाकडून घेतली असती तर हा मार्ग बंद होता, कारण तो व्यापारी नसतो आणि दिवाणी न्यायालयाशिवाय इलाज राहत नाही.

गाडी अद्याप नावावर झाली नसल्यास मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 50 प्रमाणे खरेदीदाराने 30 दिवसांत अर्ज करावयाचा असतो, आणि विमाही आपल्या नावे करून घ्यावा लागतो. ते न केल्यास अपघातात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारली जाते. सप्टेंबर 2025 च्या महापुरानंतर मराठवाड्यात जुनी गाडी घेणाऱ्यांनी ती पुरात बुडालेली नाही ना, हे तपासण्यासाठी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाचा डाग बहुधा राहून जातो.

वाचकांनी दुरुस्ती करण्यापूर्वी अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून दोषाचा लेखी अहवाल घ्यावा, व्यापाऱ्यास नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवावी, आणि दुरुस्ती अटळ झाल्यास काढलेली चेन व टर्बो भंगारात न देता बिलासह जपून ठेवावेत, कारण आयोग ते तपासणीसाठी मागवू शकतो.