जिभेसाठीही गाव सोडावं, बयो

अगं बयो, परवा फोनवर तू हळूच म्हणालीस, "ताई, इराणी कबाब खायचाय गं. पण त्यासाठी पुण्याला जाते म्हटलं तर घरचे काय म्हणतील?" तुझा तो दबका आवाज मनातून जाईना.

देवाला निघालो, लग्नाला निघालो, तर आपण मान वर करून सांगतो. मग चवीसाठी निघताना चोरी कसली? कुणाला भाजीत मीठ किती लागतं ते तुला पाठ आहे. तुला काय आवडतं, ते घरात कुणाला ठाऊक आहे? सरळ सांग, "मला हे खायचंय." मैत्रीण सोबत घे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. बीडहून अहिल्यानगरमार्गे पुणं फार दूर नाही.

निघण्याआधी एक कर. आपल्या बीडमध्ये संध्याकाळी निखाऱ्यावरचा सीख कबाब खाऊन घे. सीख काय, कबाब काय, दोन्ही शब्द आपल्याकडे फारसीतूनच आले. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचा कारभार एकेकाळी फारसीत चाले. म्हणजे तू परक्याच्या दारी चालली नाहीस.

पुण्यात बंडगार्डन रोडवरच्या 'ब्लू नाइल'मध्ये चेलो कबाब माग. चेलो म्हणजे भात. इराणी रीतीनं तांदूळ अर्धवट उकडायचा, पाणी निथळायचं आणि मग वाफेवर मोकळा फुलवायचा. तळाच्या खरपुडीला तिकडे तहदीग म्हणतात आणि ती पाहुण्याला मानानं वाढतात. आपण लहानपणी खरपुडीवरून भांडायचो, आठवतं?

तिकडचा कुबिदे कबाब खिम्याचा. त्यात किसलेला कांदा, मीठ, मिरी, एवढंच. कांद्याचं पाणी पिळून टाकतात, नाहीतर खिमा सळईवरून सुटतो. सळई पात्यासारखी रुंद. जुजे कबाब कोंबडीचा, केशर-लिंबात मुरवलेला. इराणात सोबत भाजलेला टोमॅटो, लोणी आणि सुमाकची आंबट लालसर पूड असते.

पहिल्या घासाला "अळणी आहे" म्हणू नकोस. काळ्या मसाल्याला सरावलेली आपली जीभ तिखट शोधते. तिला थोडं थांबव. तिथं मसाला मागे राहतो. मांस, धूर आणि लोणी पुढे येतात. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला ते कळतं.

पुढे कधी मुंबईला गेलीस तर बॅलार्ड इस्टेटमधलं १९२३ सालचं 'ब्रिटानिया' गाठ. तिथल्या बेरी पुलावात इराणी झरेश्कची आंबटगोड फळं असतात. मात्र दुपारच्या जेवणाच्या वेळेतच जा.

घर कुठं पळून जात नाही गं. येत्या सुट्टीला गाडी धर. आणि परतल्यावर फोन करशील तेव्हा चव कशी होती ते मला मोठ्या आवाजात सांग.