मरळ माशाचे निरीक्षण : पकड, निगा आणि परतवणी

पाण्यातील मासा पाण्यातच गुदमरतो, हे विद्यार्थ्यांना प्रथम खरे वाटत नाही. मरळ माशाच्या बाबतीत मात्र हे सत्य आहे. कल्ल्यांखेरीज हवा घेण्यासाठी त्याच्या डोक्यात खास पोकळ्या असतात. ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येऊन हवा घेता न आल्यास तो दगावतो. या शिकारी माशाच्या अभ्यासाचा आरंभ याच ज्ञानापासून व्हावा.

पकड : गळाने तोंडास जखम होते, म्हणून सापळा वापरावा. त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहील अशी दक्षता घ्यावी. मासा ओल्या हातांनीच धरावा, अन्यथा अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो. पावसाळ्यात लालसर पिलांचा थवा दिसल्यास तेथे सापळा लावू नये. आईबाप पिलांची राखण करीत असतात. राखणदार उचलला की पिले इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात.

निगा : टाकी काठोकाठ भरू नये. मरळ उडी मारून बाहेर पडतो, म्हणून तिच्यावर जाळीचे जड झाकण ठेवावे. लहानमोठे मासे एकत्र ठेवल्यास मोठा लहानाला गिळतो. गांडुळे, कीटक, लहान मासे हे त्याचे खाद्य होय. उरलेले खाद्य त्याच दिवशी काढून टाकावे.

नोंद : पकडीचे स्थळ, दिनांक व माशाची लांबी वहीत लिहावी. लागोपाठच्या दोन हवा घेण्यांमधील वेळ सकाळी व दुपारी मोजून पाण्याच्या तापमानाशी ताडून पाहावा. ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, हे येथे समजावून देता येते.

परतवणी : निरीक्षण संपताच मासा मूळ पाण्यातच सोडावा. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात क्रॉफ्टन येथील तळ्यात मरळाच्याच कुळातील आशियाई मासे एका गृहस्थाने सोडले होते. 2002 साली तेथे त्यांची पिले आढळली. ते मासे इतरत्र पसरू नयेत म्हणून तळ्यात विष घालावे लागले आणि तळ्यातील इतर मासेही मेले. विश्वासाने सोडलेला मासाही परक्या पाण्यात अनर्थ करू शकतो.

ज्यांच्याकडे तळ्याचा मासेमारीचा हक्क असेल, त्यांची अनुमती आधी घ्यावी. मासा परत सोडताना विद्यार्थ्यांस अवश्य सोबत न्यावे. जिवंत परत गेलेला मासा हाच या पाठाचा खरा समारोप होय.