संकरित पीक आणि परागावांचून होणारें बीं

संकरित ज्वारी किंवा बाजरी पेरणारे आमचे शेतकरी बांधव दरवर्षीं नवें बियाणें विकत घेतात. घरच्याच पिकांतील टपोरीं कणसें निवडून त्यांचे दाणे पुढील सालीं पेरले, तर ताटें उंचसखल येतात, कांहीं कणसें भरतात, कांहीं लहान राहतात, आणि पहिल्या वर्षाइतका उतारा पडत नाहीं. पुष्कळांस वाटतें कीं, बियाणें विकणारानें त्यांत कांहीं युक्ति करून ठेविली असावी. परंतु ह्याचें खरें कारण बीं उत्पन्न होण्याच्या नियमांतच आहे. आणि त्या नियमास सृष्टींत कांहीं अपवादही आहेत. ह्या दोहोंचा विचार आपण ह्या पाठांत करूं.

१. नियम. झाडाचे गुण ठरविणारीं जनुकें जोडीजोडीनें असतात. जोडींतील एक आईकडून येतें, एक बापाकडून. झाड पराग व अंडपेशी तयार करितें, तेव्हां प्रत्येक जोडी फुटते आणि त्यांतील एकेकच जनुक पुढें जातें. संकरित वाणाच्या पुष्कळ जोड्या भिन्न जनुकांच्या असतात, आणि त्याचा जोम ह्या भिन्नतेवरच बहुतांशीं अवलंबून असतो. अशा झाडांचा आपसांत संयोग होऊन बीं धरलें, म्हणजे एका जोडीपुरतें पाहतां निम्मींच रोपें संकरितासारखीं निघतात. दोन जोड्या पाहिल्या तर चारांत एक. आणि दहा पाहिल्या तर १,०२४ रोपांत एकच! म्हणून बियाणें तयार करणारास दोन मूळ वाण निरनिराळे राखून दरवर्षीं नव्यानें संकर घडवावा लागतो. ज्वारीचा सीएसएच-१ हा वाण १९६४ सालीं व बाजरीचा एचबी-१ हा १९६५ सालीं आपल्या देशांत आला, तेव्हांपासून शेतकऱ्यास हा खर्च लागलेला आहे.

२. अपवाद. कोंकणांतील वाचकांस ठाऊकच आहे कीं, हापूसची कोय लाविली म्हणजे हापूसच येईल असा भरंवसा नसतो. म्हणून कलम करितात. परंतु पश्चिम किनाऱ्यावर ओलूर, कुरुक्कन असे कांहीं आंबे आहेत, ज्यांच्या एका कोयींतून अनेक रोपें निघतात. त्यांपैकीं बहुतेक रोपें परागाच्या संयोगानें न होतां आईच्याच पेशींपासून होतात, व तीं गुणांनीं हुबेहूब आईसारखीं असतात. विदर्भांत संत्र्याचा डोळा ज्या जंबेरीच्या खुंटावर भरतात, तिच्या बियांचीही तऱ्हा अशीच आहे. म्हणूनच ते खुंट एकसारखे वाढतात. अंजन गवतांत तर अंडपेशी जोड्या न फोडतांच तयार होते, आणि तिच्यांतील अंकुर परागाची वाट न पाहतां वाढूं लागतो. अशा रीतीनें बीं होण्यास शास्त्रज्ञ ॲपोमिक्सिस म्हणतात.

३. मेंडेलचें कोडें. ब्रनो येथील मठांत राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांनीं वाटाण्यावर प्रयोग करून जोड्या फुटण्याचा नियम शोधिला व १८६६ सालीं तो प्रसिद्ध केला. पुढें त्यांनीं हॉकवीड नांवाच्या पिवळ्या फुलांच्या रानटी झाडावर प्रयोग केले. त्याच्या संकरांची संतति वाटाण्याप्रमाणें फुटेना; ती पिढ्यानुपिढ्या तशीच निघे. ह्याचा उलगडा मेंडेल यांच्या हयातींत झाला नाहीं. १९०३ सालीं ऑस्टेनफेल्ड व राउनकिएर ह्या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनीं हॉकवीडच्या कळ्यांचे शेंडे कापून पराग येण्याची वाटच बंद केली. तरी बीं धरलें! ह्यावरून मेंडेल यांचा नियम खोटा ठरला नाहीं. जेथें जोडी फुटतच नाहीं, तेथें फुटण्याचा नियम लागू कसा व्हावा?

४. भातावरील प्रयोग. हॉकवीडचा संकर जसा टिकला, तसा धान्याचा संकरही टिकवितां येईल काय? भातांतील तीन जनुकें निकामी केलीं असतां अंडपेशींत जोड्या न फुटतां जशाच्या तशा उतरतात, हें प्रथम दिसून आलें. मग २०१८ सालीं कॅलिफोर्नियांत डेव्हिस येथील विद्यापीठांत वेंकटेशन सुंदरेशन व त्यांचे सहकारी यांनीं भाताचेंच आणखी एक जनुक अंडपेशींत जागें केलें, तेव्हां परागावांचून अंकुर वाढला. आरंभीं उत्तम ओळींतही शंभरांत सुमारें २९ रोपेंच आईसारखीं होतीं. २०२२ सालीं फ्रान्समधील शास्त्रज्ञांच्या साह्यानें संकरित भातांत हें प्रमाण ९५ च्या वर गेलें. मात्र दाण्यांतील पिठूळ भाग, जो अंकुराचें अन्न होय, तो धरण्यास पराग अद्यापि लागतोच.

५. लाभ आणि सावधगिरी. हें काम पूर्णत्वास गेलें, तर गरीब शेतकऱ्यास संकरित पिकाचें बीं घरींच राखतां येईल. भारताच्या २००१ च्या कायद्यानें संरक्षित वाणाचें बीं राखण्याचा व पेरण्याचा हक्क शेतकऱ्यास दिलेला आहे; परंतु जें बीं गुण टिकवीत नाहीं, तें राखण्याचा हक्क घेऊन काय उपयोग? हें खरें असलें तरी, जें बीं बदलत नाहीं त्यांतील दोषही बदलत नाहींत, हें विसरूं नये. १९७० नंतरच्या वर्षांत गोसावी रोगानें संकरित बाजरीचें फार नुकसान केलें, कारण दूरदूरच्या शेतांत एकाच घडणीचें पीक उभें होतें. ज्या रोगानें एक ताट मरतें, त्यानें अशीं सर्वच मरूं शकतात.

तेव्हां आज शेतकऱ्यानें काय करावें? संकरित वाणाचें बियाणें दरवर्षीं नवेंच घ्यावें. गहूं, हरभरा ह्यांचें सरळ वाणाचें बीं खुशाल राखावें. त्यांच्या जोड्या एकसारख्या असल्यामुळें तें बिघडत नाहीं. आणि घरांतील जुन्या गांवठी वाणाची एखादी मडकी तरी रिकामी होऊं देऊं नये. पुढील संकर घडवावयाचा तो अशाच बियांतून घडवावा लागेल.

अभ्यासासाठीं प्रश्न. (१) हापूसची कोय व ओलूरची कोय ह्यांत भेद कोणता? (२) संकरिताचें बीं राखल्यास तीन जोड्यांपुरतीं किती रोपांत एक आईसारखें निघेल? (३) सर्व शेतें एकाच घडणीचीं असण्यांत धोका कोणता?