ट्रॅक्टरचे नोझल घरी बदलताना



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या ट्रॅक्टरला उसंत नसते. तोड झालेली असते, ट्रॉल्या भरलेल्या असतात, आणि नेमका चढावर ट्रॅक्टर दम टाकतो. तोडलेला ऊस जितके तास पडून राहील तितके वजन घटते आणि साखरही उतरते. म्हणून "चालतोय ना, मग हंगाम संपल्यावर बघू" हे धोरण सभासदाला परवडणारे नाही. मॅसी फर्ग्युसन १०३५ सारख्या तीन सिलिंडरच्या जुन्या ट्रॅक्टरचे नोझल काढणे-बसविणे हे शेतकऱ्याला घरी जमण्यासारखे काम आहे. ते कसे करावे आणि कोठे थांबावे, ते येथे देत आहोत.

ही माहिती जुन्या, साध्या डिझेल पंपाच्या इंजिनापुरतीच आहे. नव्या कॉमन रेल इंजिनात दाब १००० किलोच्या पुढे जातो. त्याला घरी पाना लावू नये.

नोझलचे काम

पंपाकडून आलेले डिझेल नोझलच्या बारीक छिद्रांतून धुक्यासारखे सिलिंडरमध्ये उडते. इंजिनाप्रमाणे साधारण १७५ ते २५० किलो दर चौरस सेंटीमीटर इतक्या दाबाला नोझल उघडते. मोटारीच्या चाकात हवा २ किलोच्या आसपास असते, यावरून अंदाज यावा. नोझलमधली सुई आणि तिचे घर यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजार भागांपैकी जेमतेम दोन-चार भाग असते. त्यात धुळीचा कण किंवा पाण्याचा थेंब गेला की सुई अडकते. मग धुके उडण्याऐवजी डिझेलची धार लागते किंवा ते ठिबकत राहते.

ठिबकणारे नोझल नुसते डिझेल खात नाही. न जळालेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते, खाली उतरून ऑइल पातळ करते, आणि एकाच जागी धार लागून पिस्टनचे डोके जळते. नोझलचे काम अर्ध्या दिवसाचे, पण पिस्टन-लायनरचे काम निघाले तर ऐन हंगामात ट्रॅक्टर गॅरेजला उभा राहतो.

दोष ओळखणे

काळा धूर दिसला की आधी एअर क्लीनर पाहावा. तो तुंबला असला तरी असाच धूर येतो. तो साफ असून इंजिन ठोके खात असेल, तर इंजिन हळू चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट अर्धा फेरा सैल करावा. नट सैल करताच इंजिनाचा आवाज पडला, तर ते सिलिंडर काम करीत आहे. आवाजात फरकच पडला नाही, तर दोष त्याच सिलिंडरात आहे. नट लगेच पुन्हा आवळावा. त्या वेळी जाड कापड गुंडाळावे आणि तापलेल्या सायलेन्सरवर डिझेल पडू देऊ नये.

पण दोष नोझलचाच कशावरून? व्हॉल्व्ह किंवा रिंगाही गेलेल्या असू शकतात. म्हणून खाली दिलेल्या रीतीने संशयाचे नोझल शेजारच्या सिलिंडरात आणि शेजारचे येथे बसवून पाहावे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. जागेवरच राहिला तर मिस्त्रीला दाखवावे.

काढणे

१. इंजिन गार होऊ द्यावे. बॅटरीची तार सोडावी आणि डिझेलचा कॉक बंद करावा.

२. नोझलच्या भोवतालची जागा ब्रशने व डिझेलने स्वच्छ धुवावी. निम्मे काम या धुण्यातच आहे. कचरा भोकात गेला तर तो थेट पिस्टनवर पडतो.

३. दाबाची नळी आणि परतीची बारीक नळी सोडावी. नळ्यांची तोंडे स्वच्छ कापडाने झाकावीत. चोथा वापरू नये, त्याचे धागे आत जातात.

४. दोन्ही नट काढून नोझल सरळ वर ओढावे. अडकले तर रॉकेल-डिझेल सोडून हळूहळू हलवावे. छिन्नी-हातोड्याची घाई केली तर हेड खराब होते.

५. तळाशी जुना तांब्याचा वायसर राहिला असेल तर तो काढावाच. तो तसाच राहून वर दुसरा बसला, तर नोझल वर उचलले जाते आणि फवारा जागेवर पडत नाही. ही चूक फार ठिकाणी होते.

येथे थांबावे

नोझल घरी उघडू नये आणि छिद्रात तार घालू नये. सुई आणि घर ही जोडी असते, एकाची सुई दुसऱ्यात चालत नाही. नोझल पंपवाल्याकडे नेऊन मशीनवर दाब, फवारा आणि ठिबक तपासून घ्यावी. दाब ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिला असेल तेवढाच ठेवावा. नोझल नळीला जोडून, हातात धरून फवारा पाहण्याची हौस कोणी करू नये. ती धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आत विष पसरून बोट किंवा हात जाऊ शकतो. असे झाल्यास दुखण्याची वाट न पाहता ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जावे.

बसविणे व हवा काढणे

बैठक साफ करून एकच नवा तांब्याचा वायसर घालावा. दोन्ही नट आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. एकच बाजू आधी आवळली तर नोझल तिरपे बसून गॅस गळतो. परतीच्या नळीच्या बोल्टाला दोन्ही अंगांना वायसर घालण्यास विसरू नये.

आता कॉक उघडून हवा काढावी. आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की तो आवळावा. नंतर डिझेल पंपाच्या स्क्रूची हवा तशीच काढावी. शेवटी नोझलकडचे नट सैल ठेवून, बॅटरीची तार जोडून सेल्फ मारावा, एका वेळी १०-१५ सेकंदांहून अधिक नाही. डिझेल दिसले की नट आवळून इंजिन चालू करावे आणि गळती पाहावी. ऑइलची पातळी वाढलेली किंवा डिझेलचा वास येत असेल तर ऑइलही बदलावे.

पुन्हा बिघडू नये म्हणून

नवे नोझल घाण डिझेलवर टिकणार नाही. बॅरल आणल्यावर डिझेल निवळू द्यावे आणि तळाचे ओतू नये. फिल्टरच्या भांड्यातले पाणी वरचेवर सोडावे. फिल्टर पुस्तकात दिलेल्या तासांना बदलावा. रात्री टाकी भरून ठेवली तर आत दव धरत नाही. हे सारे हंगामापूर्वी, ट्रॅक्टर दारात उभा असतानाच करून घ्यावे. गव्हाणीला ऊस वेळेवर पोहोचला, तर त्यात सभासदाचेही हित आहे आणि कारखान्याचेही.